क्रॅक मागणाऱ्याला उत्तर द्यायचं की गटातून काढायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या वाचकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं असं काम चालतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी मित्रांना सोबत घेऊन टेलिग्रामवर डीटीपीवाल्यांसाठी मदतगट सुरू केला. जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोड या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत कसं आणायचं, जोडाक्षरं का फुटतात, प्रेसला फाइल कशी द्यायची, अशा अडचणी तिथे सुटतात. आता सदस्य काही हजारांवर गेले आहेत. रोज काही प्रश्न मात्र वेगळेच येतात, विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकट चालवणाऱ्या ‘क्रॅक’ आणि ‘पॅच’चे. अमक्या सॉफ्टवेअरचा क्रॅक आहे का? पॅच मारला तरी ॲक्टिव्हेट का होत नाही? फॉन्टची झिप कुणी टाकेल का? ॲडमिनांपैकी एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं, असा प्रश्न दिसला की पुसायचा आणि विचारणाऱ्याला काढायचं. दुसरे ॲडमिन म्हणतात, ‘गावाकडची पोरं आहेत, दर महिन्याचे पैसे कुठून भरतील? आपण सगळे असंच शिकलो.’ गेल्या लग्नसराईत एका मुलाने लिहिलं, की पॅच टाकल्यापासून सगळ्या फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं आलीत आणि एकही उघडत नाही. त्यात ‘पॅच’ हा शब्द होता म्हणून प्रश्न पुसला गेला. मुलगा गट सोडून गेला. वाचक विचारतात : असे प्रश्न येऊ द्यावेत का? कायद्याने आम्ही अडकतो का? आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहितात, ‘माझ्याही दुकानात एका मशीनवर लायसन नाही. मग इतरांना नियम सांगणारा मी कोण?’

उत्तर

नमस्कार. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण आधी त्या मुलाचा प्रश्न पुन्हा वाचूया, कारण तुमच्या गटातला सगळा गुंता त्या एका प्रश्नात आहे.

त्याने क्रॅक मागितला नव्हता. क्रॅक त्याच्याकडे आधीच होता आणि त्याने त्याचं काम केलं होतं. वर्णनावरून ही स्टॉप-डीजेव्हीयू जातीच्या खंडणीखोर व्हायरसची लागण वाटते. हा व्हायरस मुख्यतः क्रॅक आणि कीजेनच्या (खोटी लायसन-की बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटातूनच पसरला. तो फाइल कुलूपबंद करतो, नावापुढे चार-पाच अक्षरांचं शेपूट जोडतो आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी ठेवून पैसे मागतो. लग्नसराईत हे झालं म्हणजे ग्राहकांच्या पत्रिका, त्यांचे फोटो, ॲडव्हान्स घेतलेली कामं, सगळं एका रात्रीत गेलं. अशा वेळी मुलगा गटात आला आणि खरं बोलला. पॅच टाकला हे त्याने लपवलं नाही, आणि तेवढ्यासाठीच त्याचा प्रश्न गेला.

त्याला काय सांगता आलं असतं? मशीन ताबडतोब नेटवरून आणि दुकानातल्या बाकीच्या मशीनपासून तोड. पेन ड्राइव्ह लावू नकोस. पैसे देऊ नकोस. लगेच फॉरमॅटही मारू नकोस, कारण कुलूपबंद फाइल आणि ती चिठ्ठी या दोन्हींची पुढे गरज लागते. एम्सिसॉफ्ट कंपनीने या जातीच्या अनेक प्रकारांसाठी फाइल सोडवणारं साधन 2019 मध्ये मोफत दिलं. लागण होताना मशीन नेटवर नसेल तर व्हायरस अनेकदा सगळीकडे तीच ठरलेली चावी वापरतो, आणि मग फाइल परत मिळण्याची आशा असते. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर कुठल्या प्रकारावर उपाय आहे ते तपासता येतं. हा व्हायरस फाइलीचा फक्त सुरुवातीचा भाग, साधारण 150 केबी, कुलूपबंद करतो, त्यामुळे मोठ्या व्हिडिओ किंवा झिपमधून काही ना काही हाताला लागू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून आजच बदल, कारण या व्हायरससोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही बऱ्याचदा येतो. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार कर. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 ला फोन लाव.

यातल्या एकाही वाक्याने पायरसीला हातभार लागत नाही. उलट गटातल्या ज्या दहाजणांनी तोच पॅच उतरवून ठेवला असेल, ते हे वाचून थांबले असते. सरांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण शब्द बघून प्रश्न पुसायचा हा नियम चुकला, आणि असा नियम चुकणारच. पायरसीचा उल्लेख असलेला प्रश्न आणि पायरसीसाठी मदत मागणारा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरांच्या नियमाला तो फरक दिसत नाही.

याचा दुसराही तोटा आहे आणि तुमच्या गटात तो रोज होत असणार. डॉक्टरकडे गेलेला माणूस ओरडा बसेल म्हणून आधी घेतलेली गोळी लपवतो, तसे सदस्य पॅचचं नाव लपवायला लागतात. मग प्रश्न येतो, ‘विंडोज अपडेट होत नाही, अँटीव्हायरस आपोआप बंद पडतो.’ चार जाणकार आपला अख्खा रविवार त्यात घालवतात. ड्रायव्हर बदला, हे काढा, ते टाका. शेवटी कुणीतरी होस्ट्स फाइल उघडायला सांगतो आणि तिथे 127.0.0.1 ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग दिसते. म्हणजे पॅचने कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता बंद करून ठेवलेला असतो. विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये अख्खा फोल्डर ‘तपासू नको’च्या यादीत टाकलेला असतो, कारण पॅचसोबतच्या सूचनेत तसंच लिहिलेलं होतं. सदस्याने पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत निदान झालं असतं. खरं सांगण्याची शिक्षा गटातून हकालपट्टी असेल, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?

आता तुमच्या दुसऱ्या मित्राच्या म्हणण्याकडे येते. ‘आपण सगळे असंच शिकलो’ हे खरं आहे, आणि ते बोलून दाखवायला धैर्य लागतं. तालुक्याच्या गावात कोर्स पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुलाला ठरावीक दोन-तीन सॉफ्टवेअरच येतात, बाजारात कामही त्यांचंच मिळतं, आणि त्यांचं वर्षाचं भाडं त्याच्या पहिल्या पगारापेक्षा जास्त असतं. मी हे हलकं समजत नाही. पण या म्हणण्यात दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिलं गृहीतक असं, की नुकसान झालंच तर परदेशातल्या बड्या कंपनीचं होतं, आणि तिला काय फरक पडतो. फॉन्टच्या झिप मागणाऱ्यांना हे कसं लागू करणार? देवनागरी फॉन्ट करणारी माणसं मुंबई-पुण्यात, अहमदाबादेत बसलेली आहेत. इंग्रजी फॉन्टसाठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिळून दोन-तीनशे आकार काढून बऱ्यापैकी भागतं. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, मात्रांची जागा हे सगळं धरलं तर आकडा त्याच्या कितीतरी पट होतो, आणि प्रत्येक जोडणी डोळ्यांखालून घालावी लागते. क्ष्म किंवा द्ध्य नीट उमटावं म्हणून कुणीतरी महिने घालवलेले असतात. त्याची झिप हजारो लोकांच्या गटात टाकली, तर ज्यांनी विकत घेतला असता तेच गिऱ्हाईक संपतं, कारण मराठी फॉन्टचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या गटातलीच मंडळी. पत्रिकेसाठी चांगले मराठी फॉन्ट मिळत नाहीत ही तक्रार आपण सगळेच करतो. ती तक्रार आणि ही झिप यांचा सरळ संबंध आहे.

दुसरं गृहीतक असं, की क्रॅकमुळे गरिबाचं भलं होतं. बिल गेट्सने फेब्रुवारी 1976 मध्ये संगणकाच्या हौशी मंडळींना उघडं पत्र लिहून बेसिक या आपल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या फुकट प्रतींबद्दल तक्रार केली होती. म्हणजे तुमचा प्रश्न 50 वर्षं जुना आहे. त्याच गेट्सने 1998 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे चीनबद्दल बोलताना वेगळा सूर लावला. लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, त्यांना सवय लागेल आणि पुढे कधीतरी पैसे वसूल कसे करायचे ते आम्ही शोधू, अशा आशयाचं ते बोलणं होतं. आपण ज्याला कंपनीवरची मात समजतो, ती कंपनीच्या हिशोबात सवय लावण्याची गुंतवणूक असू शकते. क्रॅकमुळे सगळ्यात जास्त मार खातं ते मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर. ज्या मुलाला महागडं पॅकेज ‘फुकट’ मिळतं, तो मोफत मिळणारं शिकायला कशाला जाईल? मग ते वापरणारे वाढत नाहीत, मराठीत त्याचे धडे तयार होत नाहीत, प्रेसवाल्यांना त्याची फाइल ओळखू येत नाही, आणि पुढच्या वर्षीचा मुलगा पुन्हा क्रॅककडेच जातो. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं ग्नू-लिनक्स या मुक्त प्रणालीवर शिकवलं जातं. तिथल्या मुलाला निदान दुसरा रस्ता आहे हे लहानपणीच कळतं. आपल्याकडे ते सांगण्याचं काम तुमच्यासारख्या गटांवर येऊन पडलं आहे.

म्हणून माझं उत्तर असं : प्रश्न येऊ द्या. काय पुसायचं ते उत्तर बघून ठरवा. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, की या प्रश्नाला नीट उत्तर दिलं तर त्यातून काय घडेल? कुणाच्या कामाची बेकायदा प्रत कुणाच्या तरी हातात पडणार असेल किंवा कुलूप तुटणार असेल, तर ते उत्तर तुमच्या गटात नको. त्यात क्रॅकची लिंक आली, कीजेनचं नाव आलं, फॉन्टची झिप आली, आणि ‘पॅच मारताना नेट बंद ठेव’ ही टीपही आली. ‘इनबॉक्समध्ये ये, सांगतो’ हेही त्यातच धरा. गट त्या माणसांना जोडून देतो, म्हणजे गटाचा हात त्यात आहेच. पण ज्या उत्तराने कुणी संकटातून बाहेर येतं, कायदा समजून घेतं किंवा पायरसीतून बाहेर पडायची वाट शोधतं, ते उत्तर अडवू नका. प्रश्नात कितीही वेळा ‘क्रॅक’ आलं तरी अडवू नका.

आणि सरळसरळ ‘क्रॅक द्या’ म्हणणाऱ्याला? त्याला काढू नका, उत्तर द्या. ‘क्रॅक इथे मिळत नाही. तुला काम काय करायचंय ते सांग.’ हा दुसरा भाग खरा. अनेकदा पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडून फोटो बदलायचा असतो, किंवा पीडीएफची चार पानं वेगळी करायची असतात. त्यासाठी त्या पॅकेजची गरजच नसते. तोच माणूस तिसऱ्यांदा तेच मागू लागला, किंवा स्वतः लिंका टाकू लागला, तर मात्र सरांचा कडकपणा वापरा.

कायद्याचं सांगते. मी वकील नाही, त्यामुळे गट एवढा मोठा झाल्यावर एकदा वकिलाशी बसून बोलाच. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून उल्लंघन करणारा जसा येतो, तसा त्याला मदत करणाराही येतो. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे. ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण ते प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. तुमच्यासाठी जास्त जवळचं प्रकरण दिल्लीचं आहे. स्पर्धा परीक्षांचं शिकवणाऱ्या नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवरच्या चॅनेलांतून फिरत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये टेलिग्रामला त्या चॅनेलवाल्यांचे फोन नंबर, आयपी पत्ते आणि ईमेल द्यायला सांगितलं, आणि टेलिग्रामने माहिती न्यायालयाला दिली. टोपणनावामागे कुणी सापडत नाही, असं गटात कुणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

या सगळ्यातून लक्षात घ्यायचं ते एवढंच, की ‘पॅचमुळे मशीन बिघडलं’ या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे उल्लंघनाला मदत नव्हे, आणि पॅच पुरवणं म्हणजे उघड मदत. तुमचा नियम याच रेषेवर राहिला तर मुलांनाही उपयोगी पडेल आणि तुम्हालाही जपेल.

मधली एक जागा मात्र अवघड आहे. तुमच्या पत्रात ती नाही, पण डीटीपीवाल्यांच्या गटात ती आल्याशिवाय राहत नाही. मराठी डीटीपीची निम्मी हयात कुलपांवर गेली आहे. श्रीलिपीसारखी मराठी फॉन्टची पॅकेजं लॉकसोबत यायची, मशीनला ते छोटं लॉक लावलं तरच फॉन्ट चालायचे. आता समजा एखाद्याने रीतसर विकत घेतलेलं लॉक खराब झालं आणि ज्याने विकलं त्याचं दुकान बंद झालं. किंवा एखाद्या संस्थेकडे 20 वर्षांच्या अंकांच्या, पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फाइल आहेत आणि त्या उघडणारं मशीनच उरलेलं नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. हे विचारणारा माणूस चोर नाही. त्याचाच ठेवा त्याच्यासाठी कुलपात अडकला आहे.

इथे कायद्यानेही थोडी जागा ठेवली आहे. कलम 52 नुसार, रीतसर घेतलेली प्रत ज्याच्याकडे आहे तो ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी जपून ठेवायची प्रत काढू शकतो. कलम 65 अ मध्ये कुलूप तोडण्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे, पण ती उल्लंघनाच्या हेतूने तोडणाऱ्याला. त्याच कलमात एक अट आहे जी मदत करणाऱ्याने वाचायलाच हवी. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. हजारो लोकांच्या गटात अशी नोंद कोण ठेवणार? म्हणून लॉक तोडण्याची कृती गटात सांगू नका, अगदी खऱ्या मालकालाही. त्याऐवजी कंपनीला बिलाच्या प्रतीसह लिहायला सांगा. जुनं लॉक बदलून मिळतं का, नव्या आवृत्तीवर सवलत मिळते का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि फाइल वाचवायला बहुतेक वेळा कुलूप तोडावंच लागत नाही. लिबरऑफिसचं ड्रॉ 2015 पासून पेजमेकरच्या फाइल उघडतं, आणि ते मोफत आहे. मांडणी थोडी हलते, पण मॅटर हाती लागतं. ते मॅटर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत दिसेल, ते युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर तुमच्या गटातले अर्धे लोक रोज वापरतात. नंतर मुद्रितशोधन हवंच. रफार आणि पाय मोडलेली अक्षरं कन्व्हर्टर हमखास चुकवतो. गटाने या एका विषयावर नीट, चित्रांसह माहिती तयार केली, तर कितीतरी बंद पडलेल्या मासिकांचे आणि स्मरणिकांचे अंक वाचतील. माझ्या मते तुमच्या गटाच्या हातून होऊ शकणारं हे सगळ्यात मोठं काम आहे.

पर्यायांबद्दल सदस्यांशी खरं बोला. ‘सगळं मोफत मिळतं, काही अडत नाही’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मुलगा तोंडघशी पडेल. पानं मांडण्याच्या स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी, 1.4 आवृत्तीपर्यंत, देवनागरी जोडाक्षरं फुटायची, म्हणून अनेकांनी ते एकदा बघून सोडलं. 1.5 च्या मालिकेत हे सुधारलं आणि जानेवारी 2024 मध्ये आलेली 1.6 ही आवृत्ती पुस्तकाच्या, अंकाच्या पानांसाठी वापरून बघण्याजोगी आहे. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि प्रेसला लागणारी पीडीएफ तिच्यातून निघते. पत्रिका आणि लोगोसाठी इंकस्केप चांगलं, पण ते मुळात आरजीबीतलं, म्हणजे पडद्यावरच्या रंगांतलं आहे, रंग प्रेसला जाण्याआधी तपासावे लागतात. सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल त्यात उघडते, पण जशीच्या तशी नाही. फोटोच्या कामाला गिंप आहे. फॉन्टचं तर आता पूर्वीइतकं अडत नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’, नोटो देवनागरी, मराठी वळणाची अक्षरं मुद्दाम घडवलेला टिरो देवनागरी मराठी, हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. पत्रिका छापून विकली तरी चालतं. अशा फॉन्टच्या झिप गटात खुशाल टाका, फक्त परवान्याची फाइल सोबत राहू द्या.

खरी अडचण प्रेसमध्ये येते. ‘सीडीआरच पाठवा’ म्हणतात, कारण आयत्या वेळी तारीख बदलायची तर त्यांना तीच फाइल हाताळता येते. इथे एकट्या मुलाचं काही चालत नाही, पण गटाचं चालेल. तुमच्या भागातल्या दोन-तीन प्रेसवाल्यांना गटात बोलवा, कर्व्ह केलेली (अक्षरांचे आकार करून टाकलेली) पीडीएफ त्यांच्याकडे नीट चालते का ते बघा, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांची यादी वर लावून ठेवा. त्या यादीमुळे जेवढे क्रॅक टळतील तेवढे तुमच्या नियमाने टळायचे नाहीत.

नियम लिहाल तो छोटा आणि साध्या मराठीत लिहा. मी असा लिहिला असता : ‘या गटात कुठल्याही सॉफ्टवेअरचा क्रॅक, पॅच, की किंवा विकतच्या फॉन्टची फाइल मिळत नाही आणि कुठे मिळते तेही सांगितलं जात नाही. मशीनवर असं काही टाकल्यामुळे अडचण आली असेल तर न घाबरता खरं सांगा, त्याबद्दल इथे कुणाला काढलं जाणार नाही. बिनलायसनचं काढून रीतसर किंवा मोफत काही वापरायचं असेल तर सगळी मदत मिळेल.’ काही पुसलं तर का पुसलं ते एका ओळीत सांगा. पुसलेल्या संदेशात जुनी भानगड आणि खरी अडचण दोन्ही असेल, तर अडचणीचा भाग ॲडमिनने स्वतः पुन्हा मांडावा. आणि धोक्याची सूचना देतानाही पॅचचं नेमकं नाव किंवा साइटचा पत्ता लिहू नका, काही जण तीच सूचना वाचून तिथे पोहोचतात.

आता तुमची शेवटची ओळ. ‘नियम सांगणारा मी कोण?’ तुमच्या एका मशीनवर लायसन नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात, तर गटात बोलायला कुणीच उरणार नाही. पण ते मशीन तसंच ठेवून बोलणंही बरोबर नाही, आणि सुरक्षितही नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम 63 ब आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय तुरुंगवास न देता 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. दुकानाला ती सवलत नाही, तिथे किमान सात दिवसांचा कारावास लिहिलेला आहे.

त्या मशीनवर नेमकं काय काम होतं ते आठवडाभर वहीत लिहा. अर्ज, पत्रं, टायपिंग असेल तर ते लिबरऑफिसवर आजही हलवता येईल. फोटो कापणं आणि आकार बदलणं असेल तर गिंप पुरेल. उरलेलं जे खरंच त्या पॅकेजशिवाय होत नाही, ते सगळं तुमच्या लायसनच्या मशीनवर आणा. तेही जमलं नाही तर लग्नसराईचे तीन-चार महिने मासिक भाडं भरा, कामाच्या दरात ते धरा, आणि बाकी वर्ष बंद ठेवा. भाडं भरण्याआधी महिन्याची आणि वर्षाच्या कराराची अट नीट वाचा, मध्येच बंद केलं तर काही योजनांत दंड लागतो. मशीन बदलताना जुना पॅच काढून भागत नाही. डेटाची प्रत घ्या, ती दुसरीकडे तपासा आणि विंडोज कोरी करून पुन्हा टाका. हे सगळं करताना काय अडलं, कुठला फॉन्ट फुटला, कुठली जुनी सीडीआर उघडली नाही, ते गटात रोज लिहा.

नियमाचा पहिला मसुदा सरांना लिहायला सांगा, आणि तो तुमच्या दुसऱ्या मित्राला वाचायला द्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे गेल्या महिन्यातले खरे प्रश्न काढून समोर ठेवा आणि एकेकाचं काय केलं असतं ते ठरवा. तुळशीच्या लग्नाआधी हे उरकून घ्या. लग्नसराई सुरू झाली की पॅचचे प्रश्न वाढतात आणि तेव्हा बसून बोलायला कुणालाच वेळ नसतो. गट सोडून गेलेल्या त्या मुलाचा नंबर कुणाकडे असेल, तर त्याला मात्र आजच फोन करा. त्याने त्या फाइल अजून पुसल्या नसतील, तर काही परत मिळू शकतील.